चुलवाणाच्या जाळाकडनं मागं वळलं की काहीच दिसत नाही. ह्यात कॅल्शियमचा काय संबंध?

चुलवाणाजवळचा, करवीर

नमस्कार मंडळी. आमचं गुऱ्हाळ आहे, पंचगंगेकाठी, प्रयाग चिखलीच्या अलीकडं. दिवाळी झाली की घाणा सुरू होतो, तो मार्चपर्यंत चालतो. गूळ उतरवायला गुळव्या दुसरा आहे, माझ्याकडं चुलवाण, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईखालची, काहिलीखालची भट्टी. चिपाडं सारायची, जाळ एकसारखा ठेवायचा. पहिलं आदण पहाटे तीनला चढतं, म्हणजे रोजचे तीन-साडेतीन तास अंधारातलेच.

गेल्या आठवड्यात जे झालं त्यामुळं हे विचारतोय. चुलवाणाचं तोंड आमच्याकडं खालच्या अंगाला आहे, तीन पायऱ्या उतरून. मी जाळात बघत बसलो होतो, चिपाडं संपली म्हणून उठलो आणि ढिगाकडं वळलो. समोर मिट्ट काळोख. पायाखालची वाट रोजची, म्हणून तसाच चाललो आणि कशाला तरी धडकलो. धाकट्या भावाचा पोरगा होता, सात वर्षांचा. झोपेतनं उठून मला शोधत आला होता. लाल स्वेटर घालून दोन हातांच्या अंतरावर उभा, आणि मला तो दिसलाच नाही. मागं तीन पायऱ्या आणि खाली जाळ. पोरगं ढिगाच्या बाजूला पडलं म्हणून निभावलं. त्या रात्रीपासनं माझ्या डोक्यातनं हे जाईना.

तेव्हापासनं लक्ष ठेवून बघतोय. अंधारातनं येऊन जाळात बघितलं की डोळे दिपतात, पण एक-दोन सेकंदच. मग एकेक चिपाड कसं पेटतंय ते नीट दिसतं. उलट जाळाकडनं अंधारात बघितलं, तर दहा मिनिटं गेली तरी ढीग धड दिसत नाही. उजेडाचा फरक जाताना तेवढाच, येताना तेवढाच. मग एक बाजू झटक्यात आणि दुसरी एवढी रेंगाळत का?

भाची बी.एस्सी. करते. ती म्हणाली, डोळ्याच्या पेशी उजेडाला जुळवून घेतात ते कॅल्शियममुळं. आता चुना म्हणजे कॅल्शियमच की. आम्ही रसात चुन्याची निवळी घालतो, आईला हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या आहेत, वडील तर तंबाखूला चुना लावतात गेली चाळीस वर्षं. पण वडिलांना रात्री माझ्याहून कमी दिसतं. कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा. चुना, गोळ्या वाढवून उपयोग होतो का?

टेंबलाईवाडीकर

दादा, ते बाहुलीचं काम आहे. उजेडात बाहुली बारीक होते, अंधारात मोठी होते. आरशात बघा, लगेच कळेल. बारीक पटकन होते, मोठी व्हायला जरा वेळ घेते. कॅल्शियमबिल्शियम काही नाही.

निवृत्त प्राणिशास्त्र, राजारामपुरी

दादा, पोरगं सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. मी ३१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, आणि डोळा हा माझा सगळ्यांत आवडता धडा. तुम्ही जाताना आणि येताना असे दोन भाग वेगळे करून विचारलंत. उत्तरही तसंच दोन भागांत आहे, आणि तुमची भाची त्यातल्या एका भागाबद्दल अगदी बरोबर बोलली.

आधी बाहुली. वर सांगितलंय ते खरं आहे, पण पुरेसं नाही. बाहुली भर उजेडात साधारण २ मिलिमीटरची होते, अंधारात तरुण माणसाची ८ मिलिमीटरपर्यंत जाते. क्षेत्रफळ धरलं तर फरक १६ पटींचा. चांदण्यांचा उजेड आणि भर दुपारचं ऊन यांच्यात मात्र कोट्यवधी पटींचं अंतर असतं. १६ पटींनी तिथं काय भागणार? बाकीचं सगळं डोळ्याच्या मागच्या पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात होतं. एका डोळ्यात सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाखांच्या आसपास शंकूपेशी असतात. दंडपेशी अंधुक उजेडासाठी, त्यांना रंग कळत नाही. शंकूपेशी भर उजेडासाठी आणि रंगांसाठी.

ह्या पेशींची एक गोष्ट विद्यार्थ्यांना कधीच पटकन पटायची नाही. अंधारात त्या गप्प नसतात, उलट जोरात कामाला लागलेल्या असतात. पेशीच्या भिंतीत बारीक दारं असतात. चक्रीय जीएमपी नावाचा रेणू त्यांना आतून उघडं धरतो. त्या दारांतून सोडियम आत येत राहतं आणि त्याच्याबरोबर थोडं कॅल्शियमही. उजेड पडला की रोडॉप्सिन हे रंगद्रव्य जागं होतं, ते ट्रान्सड्यूसिन नावाच्या प्रथिनाला उठवतं, ट्रान्सड्यूसिन फॉस्फोडायएस्टरेज ह्या एन्झाइमला कामाला लावतं, आणि ते चक्रीय जीएमपीचा फडशा पाडतं. उघडं धरणारं कुणी उरलं नाही की दारं बंद. आत येणारा प्रवाह थांबला, पुढच्या पेशीला जाणारा निरोप कमी झाला, आणि ह्या कमी होण्यालाच मेंदू 'उजेड' म्हणून वाचतो. ही साखळी इतकी हळवी आहे, की दंडपेशी प्रकाशाच्या एका कणालाही जाणवेल असा प्रतिसाद देते. बेलर, लॅम आणि याऊ या तिघांनी १९७९ साली टोडच्या (बेडकाच्या भाऊबंदाच्या) एकेका दंडपेशीवर हे मोजून दाखवलं.

पण एका कणाला हलणारी पेशी तुमच्या जाळासमोर काय करेल? सगळी दारं लागली की पुढं आणखी किती उजेड आला, कमी झाला की वाढला, हे सांगायला तिच्याकडं काही उरत नाही. कॅल्शियमचं काम इथं सुरू होतं.

आता तुमच्या गुऱ्हाळात या. घाण्यातून रस हौदात पडतो आणि हौदातून काहिलीत ओढला जातो. ओढणं एकसारखं चालू आहे. घाणा मंदावला तर हौदातली पातळी उतरायला लागते. कुणी ओरडून सांगायची गरज नाही, हौदाकडं बघणाऱ्याला उतरलेली पातळीच सांगते की घाण्याचं काहीतरी अडलंय, तिकडं बघा. पेशीत कॅल्शियमची तीच गत आहे. आत येतं ते त्याच दारांतून. बाहेर काढणारी व्यवस्था वेगळी आणि ती अखंड चालू असते: चार सोडियम आत घेते, एक कॅल्शियम आणि एक पोटॅशियम बाहेर टाकते. उजेडानं दारं लावली की येणं थांबतं, जाणं चालूच. त्यामुळं आतलं कॅल्शियम झपाट्यानं उतरतं, दंडपेशीत जवळजवळ दहाव्या हिश्शापर्यंत. आणि हे उतरणं म्हणजेच पेशीला मिळालेला इशारा.

त्या इशाऱ्यावर काय काय होतं? सगळ्यांत महत्त्वाचं असं, की अंधारात कॅल्शियम ज्या प्रथिनांना चिकटून त्यांचे हात बांधतं ती, म्हणजे जीकॅप प्रथिनं, मोकळी होतात आणि चक्रीय जीएमपी बनवणाऱ्या ग्वानिलेट सायक्लेजला हाकायला लागतात. नवा माल तयार होतो आणि काही दारं पुन्हा उघडतात, तेही उजेड चालू असताना! दुसरं, रिकव्हरिन नावाचं प्रथिन अंधारात एका एन्झाइमला धरून बसलेलं असतं. कॅल्शियम उतरलं की ते एन्झाइम सुटतं आणि जागं झालेलं रोडॉप्सिन लवकर शांत करायच्या मागं लागतं. तिसरं कॅल्मोड्युलिन. कॅल्शियम उतरलं की त्याची दारांवरची पकड सुटते आणि दारं थोड्याशा जीएमपीवरही उघडायला तयार होतात. दंडपेशीत ह्याचा वाटा लहानच असतो.

परिणाम काय, तर पेशी उजेडाशी झगडत न बसता मधल्या जागी परत येते. आता तिला एका कणाचं सोयरसुतक नसतं, पण जाळ कमी-जास्त झालेला कळतो. प्रतिसाद लहान होतो आणि चपळही होतो. शंकूपेशींत कॅल्शियमची ये-जा दंडपेशींपेक्षा वेगानं होते, म्हणून त्या भर उन्हातही हार खात नाहीत. तुम्ही जाळाकडं बघता, डोळे दिपतात आणि एक-दोन सेकंदांत एकेक चिपाड दिसायला लागतं, त्यात ह्या कॅल्शियमचा हात मोठा आहे.

इथं थोडं थांबून एक सांगावंसं वाटतं. आम्हाला एम.एस्सी.ला हे नेमकं उलटं शिकवलं होतं. १९७० च्या दशकात विल्यम हॅगिन्स यांची कल्पना मान्य होती, की उजेड पडला की पेशीत कॅल्शियम वाढतं आणि तेच दारं लावतं. मी वहीत व्यवस्थित आकृती काढून तसं लिहिलंय, वही अजून माझ्याकडं आहे. पुढं १९८५ च्या सुमारास दोन गोष्टी स्पष्ट झाल्या: दारं उघडी धरतो तो चक्रीय जीएमपी, आणि उजेडात कॅल्शियम वाढत नाही, उतरतं. मग १९८८ साली 'नेचर'च्या एकाच अंकात दोन गटांचे प्रयोग आले. एक नाकातानी आणि याऊ यांचा, दुसरा मॅथ्यूज, मर्फी, फेन आणि लॅम यांचा. त्यांनी सॅलॅमँडरच्या (सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या) पेशी अशा द्रावणात ठेवल्या, की कॅल्शियमचं आत येणंही बंद आणि बाहेर जाणंही बंद. पातळी जिथल्या तिथं गोठली. तशा पेशीवर उजेड टाकला तर तिला जुळवून घेताच येईना, थोड्याशा उजेडातच तिची सगळी दारं लागून गेली. हे वाचलं तेव्हा मी शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन जुनी आकृती पुसली आणि मुलांना सांगितलं की मी तुमच्या आधीच्या तुकड्यांना चुकीचं शिकवलं. त्याची रुखरुख अजून आहे.

आता तुमची दुसरी बाजू, जाळाकडून अंधाराकडं. इथं पहिला मान कॅल्शियमचा नाही. जाळाच्या उजेडानं रोडॉप्सिन विटतं. त्यात जीवनसत्त्व अ पासून बनलेला जो तुकडा असतो त्याचा आकार उजेडानं बदलतो आणि तो प्रथिनापासून सुटतो. पुन्हा वापरता यावा म्हणून त्याला पेशीबाहेर, शेजारच्या थरात जाऊन पूर्वीचा आकार घेऊन यावं लागतं. ह्या फेऱ्याला वेळ लागतो. शंकूपेशी पहिल्या दहा मिनिटांत सावरतात. दंडपेशींना पूर्ण सावरायला, उजेड खूप असला तर, ३० ते ४० मिनिटं लागतात. शिवाय तुकडा सुटलेलं प्रथिनही पुरतं निजत नाही, साखळीला मंद हलवत राहतं. जाळ काढला तरी चुलवाणाच्या विटा किती वेळ धगधगतात ते तुम्हाला मी काय सांगणार. दंडपेशीला तसंच होतं. बाहेर काळोख असतो, पण तिच्या आत उजेड असल्यासारखीच स्थिती, कॅल्शियमही उतरलेलं.

हे विटणं मी डोळ्यांनी पाहिलंय. कॉलेजात त्या काळी बेडूक सर्रास आणायचे. आमच्या सरांनी एक बेडूक रात्रभर अंधारात ठेवला, लाल दिव्यात दृष्टिपटल सोडवलं, काचेवर ओल्या मिठाच्या पाण्यात पसरलं आणि खिडकीचा पडदा सरकवला. नखाएवढा पातळ पापुद्रा, कोकमाच्या सरबतासारखा गुलाबी-जांभळट. आम्ही आठ जणी वाकून बघत होतो आणि बघता बघता तो फिका पिवळसर झाला, नंतर पांढुरका. फ्रान्झ बोल यांनी १८७६ साली बेडकातच हे पहिल्यांदा नोंदवलं. बेडूक मारून शिकणं आता थांबलंय, ते योग्यच झालं. पण तो रंग मी विसरलेली नाही. भर दुपारी महाद्वारातून अंबाबाईच्या देवळात शिरलं, की गरुड मंडपातून पुढं माणसं चाचपडत जातात, तेव्हा मला दर वेळी तो पापुद्रा आठवतो.

चुन्याबद्दल स्पष्ट सांगते. उपयोग होत नाही. रक्तातलं मोकळं कॅल्शियम दंडपेशीच्या आतल्यापेक्षा हजारो पटींनी जास्तच असतं आणि शरीर ती पातळी घट्ट धरून ठेवतं. डोळ्याचा खेळ पेशीच्या आत किती येतं आणि किती जातं ह्याचा आहे, ताटात किती वाढलंय ह्याचा नाही. आईंच्या गोळ्या हाडांसाठी दिल्यात, त्या तशाच चालू द्या. आणि वडिलांचा चुना तंबाखूसकट सुटला तर फार बरं होईल.

एक करून बघा, एकदाच, आणि शेजारी दुसरं कुणीतरी उभं असताना. अंधारातून आल्यावर जाळाकडं बघण्याआधी एक डोळा रुमालानं नीट झाका. दुसऱ्यानं पाच-दहा मिनिटं जाळ बघा. मग अंधाराकडं वळून आळीपाळीनं दोन्ही डोळ्यांनी बघा. बाहुल्या दोन्हीकडं एकदमच लहान-मोठ्या होतात, एका डोळ्यावरच्या उजेडानं दुसऱ्याचीही बारीक होते. त्यामुळं फरक दिसला तर तो बाहुलीचा नाही, हे टेंबलाईवाडीकरांनाही पटेल.

डोळे तपासणारा, शाहूपुरी

बाईंनी लिहिलंय त्यात भर घालतो, मी रोज डोळे तपासतो म्हणून.

वडिलांचं आधी. वय झाल्यावर रात्री कमी दिसणं याला 'वयच आहे' म्हणून सोडू नका. मोतीबिंदू असू शकतो, पडद्याचं काही असू शकतं, साखर वाढलेली असू शकते. बाहुलीत औषध घालून पडदा बघून घ्या. भट्टीसमोर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना आणि काच फुंकणाऱ्यांना उष्णतेच्या किरणांमुळं मोतीबिंदू होतो, हे जुनं माहीत असलेलं आहे. वडिलांनीही चुलवाण सांभाळलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तुम्ही स्वतःही तपासून घ्या. जाळात टक लावून बसू नका.

लहान मुलांना संध्याकाळ झाली की दिसेनासं होणं हा बऱ्याचदा जीवनसत्त्व अ कमी पडल्याचा रातांधळेपणा असतो. म्हणून तर ९ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत सरकारी ९ डोस असतात. शेवग्याचा पाला, गाजर, पपई, अंडी, दूध घरात असू द्या. पण ज्याला ते पुरेसं मिळतंय त्यानं वरनं गोळ्या खाऊ नयेत, जीवनसत्त्व अ जास्त झालं तर अपाय होतो.

आणि एक डोळा बांधून रोज काम करायचं नाही. अंतराचा अंदाज चुकतो, तुमच्याकडं तर काहील आणि जाळ.

चुलवाणाजवळचा, करवीर

बाई, केलं. काल पहाटे. भावाला शेजारी उभा केला, उजव्या डोळ्यावर रुमालाची चौपदरी घडी, वरनं मफलर. डाव्या डोळ्यानं दहा मिनिटं जाळ बघितला आणि वळलो.

डाव्यानं काहीच नाही. नुसता काळोख आणि मधोमध चुलवाणाच्या तोंडाचा हिरवट ठिपका, जिकडं बघावं तिकडं पुढं सरकणारा. मग डावा मिटला आणि उजव्यावरची घडी काढली. बाई, अंगावर काटा आला. चिपाडांचा ढीग, त्यातनं बाहेर आलेली टोकं, बैलगाडीचं जू, पलीकडं उसाच्या फडाची कड, काहिलीवरची वाफ आभाळात चढताना. सगळं करडं, रंग कशालाच नाही, पण दिसत होतं. भावाला म्हटलं, तू पण कर. त्यानं केलं आणि बराच वेळ बोललाच नाही.

आता एक विचारतो. पोरगं आवाजानं उठून आलं, तोच लाल स्वेटर घालून. त्याच उजव्या डोळ्यानं बघितलं, तर तोंड आणि हात करडे दिसले आणि स्वेटर काळा कुळकुळीत. मधला भागच नाही पोराला, असं. लाल रंग रात्री जातो कुठं?

वडिलांना सोमवारी घेऊन जातोय तपासायला.

निवृत्त प्राणिशास्त्र, राजारामपुरी

दादा, त्या रात्री पोरगं का दिसलं नाही त्याचं उरलेलं उत्तर तुम्हीच शोधलंत. दंडपेशींना लाल उजेड जवळजवळ कळतच नाही, त्यांना हिरवा-निळा जास्त कळतो. शंकूपेशींना लाल कळतो, पण अंधारात त्या चालत नाहीत. म्हणून दिवसा सगळ्यांत आधी डोळ्यांत भरणारा लाल रात्री सगळ्यांत आधी काळा होतो. पोराला पहाटे बाहेर येऊ द्यायचंच असेल तर अंगावर पांढरं हवं.

ह्याच गोष्टीचा उलटा उपयोगही आहे. आमच्या सरांनी तो पापुद्रा सोडवताना लाल दिवा लावला होता तो ह्यासाठीच, त्यानं रोडॉप्सिन फारसं विटत नाही. ढिगाजवळ आणि पायऱ्यांवर मंद लाल दिवा लावलात तर शंकूपेशींना वाट दिसेल आणि दंडपेशी शाबूत राहतील. चुलवाणाच्या तोंडाला आडवा पत्रा करता येत असेल तर तोही करा, चिपाडं सारताना तेवढा बाजूला घ्यायचा.

चुलवाणाजवळचा, करवीर

पत्र्याला बिजागरी लावून घेतली. दोन लाल बल्ब आणले, एक पायऱ्यांवर, एक ढिगाजवळ. त्या उजेडात स्वेटर लाल दिसतो, पण वडील ऐकेनात. त्यांनी स्वतःची धुतलेली टोपी पोराच्या डोक्यावर घातली. कानांवर येते त्याच्या. आज पहाटे पायऱ्यांवरनं मागं वळलो, तर आधी ती टोपीच दिसली, ढिगाच्या पलीकडनं येताना.